बेंडिंगचे प्रोग्राम ठेवायचे कुठे? कंट्रोलर, पेनड्राइव्ह, नेटवर्क आणि ऑफलाइन सॉफ्टवेअर

इलेक्ट्रिकल पॅनलच्या दारांची ऑर्डर सात महिन्यांनी परत आली. पत्रा तोच, 1.6 मिलिमीटर सीआरसीए (कोल्ड रोल्ड स्टील). ड्रॉइंगही तेच. ऑपरेटरने प्रेस ब्रेकच्या, म्हणजे पत्रा वाकवणाऱ्या मशीनच्या, कंट्रोलरवरची प्रोग्रामची यादी उघडली तर समोर चार नावं: डोअर, डोअर न्यू, डोअर फायनल, डोअर फायनल टू. ज्याने ती सेव्ह केली तो पोरगा दिवाळीनंतर चाकणला गेलेला. चारही प्रोग्राम एकेक करून लावून पाहिले. तीन पत्रे भंगारात गेले आणि शिफ्टचा पहिला दीड तास त्यातच संपला.

हे आमच्याच शेडमधलं, वाळूजचं. पण चिकलठाण्यात किंवा जालन्याच्या एमआयडीसीत जॉब वर्क करणाऱ्यांनाही हा दीड तास ओळखीचा असेल. मशीन घेताना आपण टनेज बघतो, लांबी बघतो, बॅक गेजला (पत्रा मागून टेकवायचा सरकता थांबा) किती ॲक्सिस आहेत ते विचारतो. प्रोग्राम कुठे राहतील, कोण बदलेल आणि मशीन बंद पडलं तर परत कसे येतील, हे मात्र कोटेशनच्या टेबलावर निघतच नाही. दुसरं मशीन घ्यायच्या विचारात असाल, किंवा आहे त्या मशीनवर प्रोग्राम वाढत चालले असतील, तर हा निर्णय आत्ताच घ्या. हजार प्रोग्राम झाल्यावर तो फार महाग पडतो.

आधी तुमचा कंट्रोलर कुठल्या जातीचा आहे ते बघा

आपल्याकडे ढोबळमानाने दोन जाती दिसतात. पहिली आकड्यांची. त्यात प्रत्येक स्टेपला रॅम (वरून दाब देणारा भाग) किती खाली यायचा आणि बॅक गेज कुठे थांबायचा, एवढंच साठतं. एस्टनचा ई-21 हा त्यातला नेहमी दिसणारा. त्यात 40 प्रोग्राम बसतात आणि एका प्रोग्रामला जास्तीत जास्त 25 स्टेप. या आकड्यांना पंच (वरचं दाबणारं टूल) कोणता, डाय (खालचं व्ही आकाराच्या खाचेचं टूल) कोणती, पत्रा कसला, हे काही ठाऊक नसतं. व्ही-16 वर, म्हणजे 16 मिलिमीटर खाचेच्या डायवर, लिहिलेला प्रोग्राम व्ही-12 वर चालवला तर कंट्रोलर तक्रार करणार नाही, चूक थेट पत्र्यात उमटेल.

दुसरी जात ग्राफिकल. डेलेमचे डीए-58टी, डीए-66टी, डीए-69टी, सायबेलेकचे सायबटच आणि मोडइव्हा, ईएसएचे वरच्या श्रेणीतले कंट्रोलर यांत येतात. यांच्या प्रोग्राममध्ये कोन असतो, मटेरियल आणि जाडी असते, पंच आणि डाय टूल लायब्ररीतून (टूलच्या मापांच्या यादीतून) नावाने घेतलेले असतात. रॅमची खोली कंट्रोलर स्वतः काढतो. जोडीला ओपनिंगची उंची, वेग बदलण्याचा बिंदू, होल्ड टाइम (खाली थांबायचा वेळ), बॅक गेजचं मागे सरणं, क्राउनिंग (दाबाखाली बेड मध्ये लवतो त्याची भरपाई) आणि शेवटी ऑपरेटरने दिलेलं करेक्शन, म्हणजे माप नेमकं येण्यासाठी केलेली दुरुस्ती.

हा फरक आधी सांगितला, कारण पुढचे सगळे पर्याय त्यावर अवलंबून आहेत. आकड्यांचा कंट्रोलर असेल तर खरा प्रोग्राम तुमच्या वहीत आहे आणि मशीनमध्ये त्याचे आकडे आहेत. ग्राफिकल असेल तर प्रोग्राम मशीनमध्ये आहे, पण टूल लायब्ररीवाचून तो अर्धाच.

कंट्रोलरच्या मेमरीत ठेवणे

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग. काही जोडायचं नाही, काही शिकवायचं नाही. काल जसा चालला तसाच आज चालतो. एक मशीन, एकच शिफ्ट, शे-दीडशे ठरलेले जॉब आणि टिकून असलेला ऑपरेटर असेल तर रोजच्या कामाला यापेक्षा चांगलं काही नाही. हे मी मनापासून सांगतो, कारण अशा छोट्या युनिटला सरसकट नेटवर्क घ्यायला सांगणारे पुष्कळ भेटतात.

धोका आहे तो मेमरीच जाण्याचा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असतात, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली कंट्रोल पॅनलचं दार उघडून पाहा. पंख्याची जाळी धुळीने बुजलेली असते. वीज जाते, येते, व्होल्टेज खालीवर होतं. बऱ्याच जुन्या कंट्रोलरमध्ये मेमरी एका छोट्या बॅटरीवर जिवंत असते. रोज मशीन चालू असतं तोवर बॅटरी उतरल्याचं कळत नाही. दिवाळीत आठ दिवस मेन स्विच बंद राहिला की कळतं. नव्या कंट्रोलरमध्ये ही अडचण नाही, पण त्यातली डिस्क किंवा कार्डही उष्णतेने आणि अचानक वीज जाण्याने खराब होऊ शकतं.

आमचं एक मशीन असंच सुट्टीनंतर कोरं उठलं. सहाशेच्या वर प्रोग्राम होते. प्रोग्राम पुन्हा लिहिता आले, महिना-दीड महिना लागला एवढंच. करेक्शन मात्र परत आली नाहीत. कोणत्या जॉबच्या तिसऱ्या बेंडला अर्धा अंश जास्त द्यावा लागतो, कोणत्या फ्लँजला (वाकवलेल्या कडेला) बॅक गेज 0.3 मिलिमीटरने मागे घ्यावा लागतो, हे वर्षानुवर्षं साठलेलं होतं. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर मी प्रोग्राम आणि करेक्शन या दोन गोष्टींकडे वेगवेगळं बघायला लागलो. प्रोग्राम ड्रॉइंगवरून परत काढता येतो. करेक्शन पत्रा वाया घालवूनच मिळतं.

बॅटरीवाल्या कंट्रोलरसाठी एक सूचना. बॅटरी बदलायची ती बॅकअप घेतल्यावरच. आणि मॅन्युअलमध्ये पॉवर चालू ठेवून बदला असं लिहिलेलं असेल तर तसंच करा, तेही जाणकार इलेक्ट्रिशियनच्या हातून.

पेनड्राइव्हवर बॅकअप

खर्च पाचशे-सातशे रुपये. या सगळ्यात सर्वात कमी पैशात सर्वात जास्त सुरक्षा इथेच मिळते, पण पद्धत चुकली तर हाच मार्ग सर्वात जास्त गोंधळ घालतो.

पहिली अडचण पेनड्राइव्ह न दिसण्याची. बरेच कंट्रोलर एफएटी-32 फॉरमॅटच वाचतात. बाजारात मिळणारे 64 जीबी आणि मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात. मग ऑपरेटर म्हणतो पोर्ट खराब आहे, आणि सर्व्हिस इंजिनिअरला फोन जातो. 32 जीबी किंवा त्याहून लहान घ्या, एफएटी-32 मध्ये फॉरमॅट करा. बेंडिंगच्या प्रोग्रामला जागा अगदी थोडी लागते, 8 जीबीसुद्धा भरणार नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. बॅकअप म्हणून लोक फक्त प्रोग्राम कॉपी करतात. डेलेमसारख्या कंट्रोलरमध्ये प्रोग्राम, टूल आणि सेटिंग यांचा बॅकअप वेगवेगळा घ्यावा लागतो. फक्त प्रोग्राम परत आणले आणि टूल लायब्ररी रिकामी असेल तर कंट्रोलर पंच-डाय सापडत नाही म्हणून अडून बसतो. म्हणून तिन्ही घ्या. मशीन पॅरामीटर तर बसवायला आलेला इंजिनिअर गेटबाहेर पडायच्या आतच त्याच्याकडून पेनड्राइव्हवर मागून घ्या. ते पॅरामीटर गेले तर मशीन नुसतं उभं राहतं.

तिसरी अडचण उलट्या वाहतुकीची. शनिवारी बॅकअप घेतला. मंगळवारी ऑपरेटरने मशीनवर करेक्शन सुधारलं. गुरुवारी कुणीतरी वेगळ्याच एका प्रोग्रामसाठी पेनड्राइव्ह लावला आणि सगळं रिस्टोअर केलं. मंगळवारचं काम पुसलं गेलं, आणि ते कुणाला कळलंही नाही. आमच्याकडे आता नियम आहे: पेनड्राइव्हवर माल जातो, पेनड्राइव्हवरून परत आणायचं असेल तर सुपरवायझरच आणणार. दोन पेनड्राइव्ह ठेवले आहेत, एका आठवड्याला एक, पुढच्या आठवड्याला दुसरा. त्यावर गाणी, सिनेमे काहीही नाही, आणि घरच्या कॉम्प्युटरला ते लागत नाहीत. दोन्ही ऑफिसच्या कपाटात असतात. मशीनच्या पॅनलवर खोचून ठेवलेला पेनड्राइव्ह मशीनसोबतच जातो.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, नेटवर्कने

ग्राफिकल कंट्रोलरच्या वरच्या मॉडेलना लॅन केबल जोडून ऑफिसमधला शेअर फोल्डर वापरता येतो. काही ठिकाणी ही सोय आधीच असते, काही ठिकाणी ऑप्शन म्हणून विकत घ्यावी लागते. कोटेशनमध्ये हे स्पष्ट लिहून मागा.

पेनड्राइव्हशी तुलना केली तर याचा फायदा एका वाक्यात सांगता येतो: मूळ प्रत एकच राहते. दोन शिफ्ट आहेत, दोन मशीन आहेत, ग्राहक ड्रॉइंगची रिव्हिजन वारंवार बदलतो, अशा ठिकाणी हे फार मोलाचं. वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून इथल्या लहान युनिटांना वाहन उद्योगाच्या शिस्तीची सवय लागली आहे. ऑडिटला आलेला माणूस मशीनवर चालू असलेली रिव्हिजन आणि फाइलमधली रिव्हिजन जुळवून बघतोच. आयएसओ 9001:2015 च्या 7.5 कलमातही हेच आहे: कागद असो की संगणकातली फाइल, चालू आवृत्तीवर ताबा हवा. पेनड्राइव्हवर चार प्रती फिरत असताना हे दाखवणं अवघड जातं.

पण नेटवर्कची बाजू घेणाऱ्यांनी पुढच्या गोष्टीही सांगायला हव्यात.

जुने विंडोजवर चालणारे कंट्रोलर शेअर फोल्डरसाठी एसएमबी-1 हा जुना प्रोटोकॉल वापरतात. विंडोज 10 च्या 2017 मधल्या 1709 आवृत्तीपासून तो नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मुळातच बसवलेला नसतो. त्यामुळे जुना कॉम्प्युटर होता तोवर सगळं चाललं आणि नवा आणल्यावर मशीनला फोल्डर दिसेना, अशी तक्रार होते. कुणीतरी येऊन एसएमबी-1 चालू करून देतं आणि काम सुरू होतं. मे 2017 मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून शिरला होता. म्हणून असा जुना कंट्रोलर असेल तर त्याला इंटरनेट असलेल्या ऑफिस नेटवर्कला जोडूच नका. एक छोटा वेगळा नेटवर्क स्विच घ्या, त्यावर फक्त मशीन आणि एक कॉम्प्युटर, इंटरनेट नाही. खर्च किरकोळ आहे.

केबल टाकताना ती मोटरच्या आणि ड्राइव्हच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नका. शिल्डेड केबल घ्या. शेडमध्ये वेल्डिंग चालू झालं की नेटवर्क तुटतं, असं होत असेल तर आधी केबलचा मार्ग बघा.

आणि मशीन फोल्डरवरच्या फाइलवर थेट चालवायची, की आधी स्वतःच्या मेमरीत घेऊन? मी दुसरं सुचवतो. ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून प्रेस ब्रेक थांबता कामा नये. ऑफिसमध्ये मूळ प्रत, मशीनमध्ये चालू जॉबची प्रत, आणि करेक्शन पक्कं झाल्यावर ते परत मूळ प्रतीत. ही शेवटची पायरी कोण करणार, त्याचं नाव ठरवा. ठरवलं नाही तर ती होत नाही.

ऑफलाइन सॉफ्टवेअर

डेलेमचं प्रोफाइल-टी, ट्रम्फचं टेकझोन बेंड आणि अशीच इतर. ऑफिसमध्ये बसून भाग काढायचा, बेंडचा क्रम लावायचा, पत्रा पंचाला किंवा मशीनला कुठे धडकतो ते स्क्रीनवर बघायचं, सपाट लांबी काढायची आणि तयार प्रोग्राम मशीनला द्यायचा. मशीन त्या वेळात आधीचा जॉब मोडत (वाकवत) असतं.

ज्यांच्याकडे आठवड्याला वीस-पंचवीस नवी ड्रॉइंग येतात, दहा-बारा बेंडचे भाग आहेत, ज्यांना कोटेशन देतानाच हा भाग आपल्या टूलवर बनेल का हे कळायला हवं, त्यांनी घ्यावं. ज्यांच्याकडे तेच ऐंशी भाग वर्षभर फिरतात त्यांनी तो पैसा टूलवर घालावा. माझं मत इतकं सरळ आहे.

घेतलंच तर एक अट आहे. ऑफिसमधली टूल लायब्ररी आणि रॅकवरची टूल जुळली पाहिजेत. ग्राइंडिंग केलेल्या डायची उंची बदलते. झिजलेल्या डायच्या खांद्याची गोलाई बदलते. ऑफिसमध्ये ती अजून नवीच असते. मग स्क्रीनवर नव्वद अंश आणि पत्र्यावर ब्याण्णव.

करेक्शन प्रोग्राममध्ये ठेवायचं की बाहेर?

कुठे साठवायचं यापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो, म्हणून थोडं थांबतो.

आमच्याकडे एक परभणीचा पोरगा शिकायला होता. रिपीट जॉब लावला आणि चिडून म्हणाला, "सर, मशीन तीच, प्रोग्राम तोच, मग डिग्री कामून येईना?" प्रश्न अगदी बरोबर होता. एअर बेंडिंगमध्ये (पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवण्यात) कोन ठरतो तो पंच डायमध्ये किती खोल गेला यावर. व्ही-16 डायवर नव्वदच्या आसपास रॅम 0.1 मिलिमीटरने खालीवर झाला तर कोन साधारण पाऊण ते एक अंशाने बदलतो. पत्रा 2 मिलिमीटरचा म्हणून आला आणि प्रत्यक्षात 1.9 भरला, तर तेवढाच फरक पडतो. त्यात कॉइल (पत्र्याची गुंडाळी) बदलली की पत्र्याचा कडकपणा बदलतो, रोलिंगच्या दिशेला आडवा की उभा कापला यानेही स्प्रिंगबॅक (दाब काढल्यावर पत्र्याचं थोडं परत उघडणं) बदलतो. माइल्ड स्टीलमध्ये स्प्रिंगबॅक एखाद अंश असतो, स्टेनलेसमध्ये दोन-तीन.

म्हणजे करेक्शन दोन प्रकारचं झालं. एक भागाचं: अमुक बेंड छोट्या फ्लँजचा आहे, तिथे नेहमीच थोडं जास्त लागतं. दुसरं त्या दिवसाच्या पत्र्याचं. ऑपरेटर दोन्ही एकाच खान्यात टाकतो आणि सेव्ह करतो. पुढच्या वेळी दुसरी कॉइल येते आणि जुन्या कॉइलचं करेक्शन तिच्यावर बसतं. मग त्यावर आणखी एक करेक्शन. तीन-चार फेऱ्यांनंतर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

डेलेमच्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक बेंडचं करेक्शन वेगळं आणि सगळ्या बेंडना एकदम लागू होणारं जनरल करेक्शन वेगळं देता येतं. भागाचं करेक्शन बेंडमध्ये टाकून सेव्ह करा. पत्र्याचं जनरलमध्ये टाका आणि जॉब संपला की शून्य करा. तुमच्या कंट्रोलरवर अशी सोय नसेल तर पत्र्याचं करेक्शन वहीत लिहा आणि प्रोग्राममधून बाहेर पडताना सेव्ह करू नका. जॉब सुरू करण्याआधी मायक्रोमीटरने पत्रा मोजून आकडा वहीत टाकला तर पुढच्या वेळी अर्धं उत्तर तिथेच असतं.

नाव आणि वही

नावाला ग्राहकाचं नाव, वस्तूचं नाव किंवा ऑपरेटरच्या मनातली खूण देऊ नका. ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, जाडी, या क्रमाने: 4512-आर3-1.6 असं. कंट्रोलरवर हे इंग्रजी अक्षरांतच टाइप करावं लागेल, हरकत नाही. वर्णनाच्या वेगळ्या रकान्यात दार, साइड प्लेट, ग्लँड प्लेट असं लिहा. नवी रिव्हिजन आली की जुन्या प्रोग्रामवर बदल करू नका. कॉपी करा, नव्या नावाने ठेवा, जुना वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. ग्राहक कधी कधी जुन्या रिव्हिजनचे दहा पीस मागतो.

वही मात्र कोणत्याही पर्यायासोबत हवीच. पंच-डायचा नंबर, टूल बेडवर कुठे लावले, पत्रा कोणत्या बाजूने आत घालायचा, बेंडचा क्रम आणि पहिल्या पास झालेल्या पीसचा फोटो, एका जॉबला एक पान. फोटो छापून चिकटवा. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा फोटो चार दिवसांत वर सरकतो आणि मग सापडत नाही. आकड्यांच्या कंट्रोलरवर तर वही हाच तुमचा मुख्य साठा आहे. चाळीसच्या वर जॉब झाले की आलटून पालटून आकडे भरावे लागतात आणि ते वहीतूनच येतात.

दोन मशीन असतील तर

दोन वेगळ्या कंपन्यांचे कंट्रोलर असतील तर एकाचे प्रोग्राम दुसऱ्यावर चालणार नाहीत, हे गृहीत धरूनच हिशेब करा. पण एकाच कंपनीचे असले तरी निर्धास्त राहू नका. प्रोग्राम टूलला नावाने हाक मारतो. दुसऱ्या मशीनच्या लायब्ररीत त्याच नावाने वेगळ्या उंचीचा पंच भरलेला असेल तर रॅम भलत्याच खोलीला जाईल, टूल फुटू शकतं आणि समोर माणूस उभा असतो. नेटवर्क जोडायच्या आधी एक दिवस मशीन थांबवा, दोन्ही लायब्ररी समोरासमोर ठेवा, व्हर्नियर घेऊन टूल मोजा आणि टूलवर नंबर कोरून घ्या. दुसऱ्या मशीनवर नेलेला प्रोग्राम पहिल्यांदा कमी वेगात, एका भंगार पट्टीवर चालवा.

माझ्याकडे आज एक ग्राफिकल आणि एक आकड्यांचं मशीन आहे. ग्राफिकलवरचे प्रोग्राम कंट्रोलरमध्ये, दर शनिवारी पेनड्राइव्हवर. आकड्यांचं पूर्णपणे वहीवर. नेटवर्क घेतलेलं नाही, कारण दोघांना एकमेकांचे प्रोग्राम उपयोगाचे नाहीत. पुढचं मशीन त्याच कंट्रोलरचं आलं तर त्या दिवशी वेगळा स्विच आणि केबल टाकणार. तुमच्याकडे आधीच एकसारखी दोन ग्राफिकल मशीन आणि दोन शिफ्ट असतील तर थांबू नका, आत्ताच घ्या.

आणि येत्या शनिवारी एक करून पाहा. नेहमी लागणारा एखादा प्रोग्राम निवडा, त्याचा बॅकअप घ्या, कंट्रोलरमधून तो पुसा आणि पेनड्राइव्हवरून परत आणून एक पीस मोडा. मग त्या पीसला कोनमापक लावा.